जुना तबकडीचा फोन: आधी ओळख, मग सफाई, लाइन सगळ्यात शेवटी

जिनिंगच्या माळ्यावर तीस वर्षं पडून राहिलेल्या काळ्या फोनला तिथे फारसं काही होत नाही. त्याची वाट लागते ती घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी. कोणी त्याला पितळेच्या पावडरीनं घासतो, कोणी तबकडीत खोबरेल सोडतो, कोणी थेट भिंतीतल्या सॉकेटात वायर खुपसून घंटी वाजते का बघतो. पहिल्या दोन गोष्टी मुळातच चुकीच्या, तिसरी चुकीच्या क्रमानं केलेली, आणि त्यातून झालेलं नुकसान बहुतेक वेळा परत भरून येत नाही.

खाली दिलेला क्रम बदलू नका. एखादी पायरी तुमच्या फोनला लागू नसेल तर ती सोडून पुढे जा, पण मागची पुढे आणू नका.

## कामाची वेळ आणि सामान

विदर्भात हे काम दिवाळी ते होळी या काळात करावं. पावसाळ्यात उघडलेला फोन हवेतला ओलावा पितो. चोंग्यातली कार्बनची भुकटी आणि जुन्या वायरींवरचं सुती आवरण दोन्ही ओली होतात आणि तुमची सगळी मापं खोटी येतात. मे महिन्यात टिनाच्या सपराखाली तर काहीच करू नका. बेकलाइटला (जुन्या फोनांच्या काळ्या, कडक प्लास्टिकला) त्या तापाचं फार काही वाटत नाही, पण नंतरच्या काळातले प्लास्टिकचे फोन आणि पीव्हीसीच्या वायरी मऊ पडून वाकतात.

सामान फार लागत नाही:

- चांगल्या धारेचे चपटे पेचकस, ३, ५ आणि ७ एमएम रुंदीचे. पेचाच्या खाचेत घट्ट बसणारे हवेत.
- डिजिटल मल्टिमीटर, शक्यतो मायक्रोफॅरड मोजणारा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल. तालुक्याच्या कोणत्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ‘आयपीए’ म्हणून मिळतं. १०० मिली पुष्कळ झालं.
- दोन रंगकामाचे मऊ ब्रश, एक जुना दातांचा ब्रश, सुती फडकी, जाड गुळगुळीत कागद (लग्नपत्रिकेचा उत्तम).
- शिलाई मशीनचं पातळ तेल आणि ते लावायला सुई किंवा टाचणी.
- एक लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर, दोन पेन्सिल सेल.
- फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, १५० ओहम १ वॅटचा रेझिस्टर आणि २५० मिलीअँपिअरचा फ्यूज.

रेझिस्टर, एलईडी, फ्यूज हे नागपूरला बर्डीवर सुट्या भागांच्या दुकानांत काही रुपयांत मिळतात. तेवढ्यासाठी वेगळी खेप करायची गरज नाही, कोणी जात असेल त्याच्याकडे चिठ्ठी द्या.

## १. विकत घेण्याआधी: दहा मिनिटांची पाहणी

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘अँटिक’ म्हणून जे चकचकीत पितळी, लाकडी बैठकीचे फोन विकले जातात, त्यातले बहुतेक शोभेसाठी नव्यानं बनवलेले असतात. ते ओळखायला चार खुणा पुरतात.

पहिली खूण तबकडीची. बोट घालून ९ पर्यंत फिरवा आणि सोडा. खरी तबकडी एकसारख्या वेगानं, बारीक घरघर करत परत येते, कारण आत वेग आवरणारा गव्हर्नर असतो. नकली तबकडी एक तर झटकन परत येते, नाही तर ती फिरतच नाही आणि भोकांच्या आत दाबायची बटणं असतात.

दुसरी खूण वजनाची. चोंगा हातात घेऊन हलवा. नव्या पोकळ चोंग्यात वजन यावं म्हणून लोखंडी तुकडा चिकटवलेला असतो, तो कधी कधी सुटून खुळखुळतो.

तिसरी खूण खालच्या बाजूची. छोटा चौकोनी पारदर्शक जॅक मूळच्या बांधणीतच असेल, पत्र्यावर एकही आकडा किंवा निर्मात्याचं नाव नसेल, पेच प्लसच्या खाचेचे आणि नवेकोरे असतील, तर तो फोन जुना नाही. मात्र जुन्या फोनला नंतर कोणी जॅक बसवलेला असू शकतो, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

चौथी खूण वासाची. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा आणि फोनच्या खालच्या कडेला जोरात घासा. बेकलाइट असेल तर फिनेलसारखा उग्र वास येतो. साध्या प्लास्टिकला तो येत नाही.

इशारा: तापलेली सुई टोचून बेकलाइट ओळखायची पद्धत सांगितली जाते. तिनं कायमचं भोक पडतं आणि माहिती गरम फडक्याइतकीच मिळते.

भंगारातून घेताना आणखी एक बघा. रेल्वेची किंवा टपाल-तार खात्याची खूण असलेला फोन लिलावाच्या पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि विकणाऱ्यासोबत घेणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. उलट, ‘पुरावस्तू आहे, नोंदणी करावी लागेल’ असं सांगून किंमत चढवणाऱ्याला भुलू नका. १९७२ च्या कायद्यात अशा वस्तूसाठी किमान १०० वर्षांची अट आहे आणि खेड्यापाड्यांत मिळणारे तबकडीचे फोन सहसा तेवढे जुने नसतात.

## २. हात लावण्याआधी नोंद

फोन घरी आला की ओल्या फडक्याला हातही लावू नका. आधी फोटो: सहाही बाजू, तळाचा पत्रा, चोंग्याची आतली बाजू, वायरीची दोन्ही टोकं. मग तबकडीच्या मधोमध असलेलं कागदी कार्ड. त्यावर शाईनं लिहिलेला दोन किंवा तीन आकडी नंबर हा त्या फोनचा सगळ्यात बोलका पुरावा असतो, कारण एवढा छोटा नंबर छोट्या एक्स्चेंजचाच. हे कार्ड ओलं झालं की शाई पसरते. ते पहिल्यांदा काढा, दोन कोऱ्या कागदांत ठेवून वहीत दाबा. नवं छापील कार्ड बसवायचं असेल तर बसवा, पण जुनं फेकू नका.

फोन जिथून आला ते गाव, ती इमारत आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून तीही ठेवा. पुढे ‘हा हिंगणघाटच्या प्रेसिंगमधला’ असं सांगायला हीच चिठ्ठी कामी येते.

## ३. ओळख

ओळख करताना बाहेरच्या रूपापेक्षा आतल्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

तबकडी आहे की नाही. तबकडीच्या जागी कोरी गोल झाकणी असेल तर तो सेंट्रल बॅटरीचा, म्हणजे एक्स्चेंजमधल्या बॅटरीवर चालणारा फोन. चोंगा उचलला की ऑपरेटरच्या बोर्डावर इशारा जायचा, तबकडीचं कामच नव्हतं. बाजूला फिरवायचं हँडल असेल तर तो मॅग्नेटो, हँडलनं घंटीची वीज तयार करणारा. या दोन्हींत तबकडी कधी नव्हतीच. दुसरीकडून काढून ती बसवणं म्हणजे फोन पूर्ण करणं नव्हे, एकाच्या जागी दोन वस्तू खराब करणं आहे. वणी-बल्लारपूर पट्ट्यात खाणींतले जाड ओतीव लोखंडाच्या पेटीतले फोनही भंगारात येतात. त्यांची जोडणी वेगळी असते, त्यांना या लेखातल्या विजेच्या पायऱ्या लावू नका.

आकार. आपल्याकडे मिळणारे बहुतेक जुने फोन ब्रिटिश घडणीचे आहेत. खाली रुंद आणि वर निमुळता, पिरॅमिडसारखा असेल तर १६२ किंवा २३२ या जातीचा. जास्त चौकोनी, भरदार, पोटात घंटी असलेला काळा फोन म्हणजे ३३२, ब्रिटनमध्ये १९३७ पासूनचा. गोलसर प्लास्टिकचा ७०६ हा १९५९ चा आणि ७४६ हा १९६७ चा. बंगळूरच्या आयटीआयचे (स्थापना १९४८) सुरुवातीचे काळे फोन ३३२ च्याच वळणाचे आहेत. त्यामुळे नुसतं रूप पाहून ‘इंग्लंडचा आहे’ म्हणू नका, आतली छाप बघा.

१६२ आणि २३२ घेणारे नेहमी एक तक्रार करतात, ‘आत घंटीच नाही, कोणी तरी काढून घेतली.’ काढलेली नाही. या फोनांची घंटी वेगळ्या लाकडी किंवा बेकलाइटच्या डब्यात, भिंतीवर असायची. फोन जिथून घेतला त्या भिंतीवर ती अजून लटकत असण्याची शक्यता बरीच आहे. परत जाऊन विचारा.

आकडे. चोंग्याच्या दांड्याच्या आतल्या बाजूला कोरलेला १६४ हा आकडा म्हणजे ब्रिटिश बेकलाइट चोंग्याचा नमुना क्रमांक. सालाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या आसपास छोट्या अक्षरांत दोन आकडी साल असू शकतं. तबकडीच्या पाठीवर, घंटीच्या पत्र्यावर, कंडेन्सरवर स्वतंत्र सालं असतात, ती पाचव्या पायरीत फोन उघडल्यावर बघा.

सालं जुळत नसतील तर? घाबरू नका. खात्याच्या वर्कशॉपात फोन उघडून, चालते भाग एकत्र करून परत दिले जायचे. १९५४ चं खोकं, १९६१ ची तबकडी हा खात्याच्याच कामाचा मागोवा आहे. सगळ्यात अलीकडचं साल म्हणजे ‘यानंतर कधी तरी जोडला’ एवढंच समजा. ‘पी अँड टी’ची (पोस्ट्स अँड टेलिग्राफ्स, म्हणजे टपाल-तार खात्याची) छाप असेल तर फोन खात्याकडे आला तो १९८५ च्या आधी, कारण त्या वर्षी टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली.

तबकडीवरचे आकडे. १ ते ९ आणि शेवटी ० ही आपली मांडणी. स्वीडिश फोनात ० सगळ्यात आधी येतो, त्यामुळे १ फिरवला की दोन ठोके जातात (तबकडी परत येताना लाइन जितक्या वेळा तुटते-जुडते तितके ठोके, त्यावरून एक्स्चेंज आकडा ओळखतं). न्यूझीलंडच्या तबकडीत आकडे उलटे आहेत. असा फोन हाताशी आला तर तो दुर्मीळ म्हणून जपा, आपल्या लाइनवर योग्य नंबर लागेल ही आशा सोडा.

## ४. कोरडी विद्युत तपासणी

फोन अजून उघडलेला नाही, साफ केलेला नाही. आता मल्टिमीटर ओहमवर ठेवून लाइनच्या दोन वायरींना लावा. वायरीत तिसरी तार असेल तर तिन्हींच्या जोड्या आलटून पालटून बघा.

- चोंगा ठेवलेला: वाट बंद, म्हणजे मीटर अनंत दाखवेल. कमी ओहम दिसला तर आतला कंडेन्सर गळतो आहे किंवा हुकाच्या, म्हणजे चोंगा ठेवायच्या खटक्याच्या, संपर्क-पट्ट्या चिकटल्या आहेत.
- चोंगा उचलला: साधारण १०० ते ४०० ओहम. तोंडाच्या बाजूनं फुंकर मारली की आकडा हलला पाहिजे.
- चोंगा उचलून ० फिरवला: परत येताना वाट तुटते-जुडते, आकडा नाचतो.

तिन्ही जमलं तर फोन जवळजवळ जिवंत आहे. काहीच नाही आलं तरी निराश होऊ नका, दहातल्या बऱ्याच फोनांत दोष नुसता वायरीत असतो. आलेले आकडे वहीत लिहा. सफाईनंतर हेच पुन्हा मोजायचे आहेत.

## ५. उघडणं आणि आतली सुकी सफाई

तळाचे पेच सोडवा. ब्रिटिश घडणीच्या फोनातले पेच बीए मापाचे असतात, मिलिमीटरच्या मापाचे नाहीत. ६ बीए चा व्यास २.८ एमएम, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम३ चा ३ एमएम. तो ‘जरा घट्ट’ जातो आणि पितळेचे आटे कापतो. एकही पेच हरवू देऊ नका. अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा कागदावर चित्र काढून त्यावर जागच्या जागी चिकटवून ठेवा.

आत काय निघेल? काळ्या मातीची बारीक धूळ, जिनिंगचा फोन असेल तर रुईचे धागे, कुंभारणीचं मातीचं घर, पालीची अंडी, झुरळांची घाण. तोंडाला रुमाल बांधा. सगळं मऊ ब्रशनं झाडा. मातीचं घर ओलं करून काढू नका. पाणी घातलं की ती माती घंटीच्या कॉइलमध्ये झिरपते. काडीनं कोरडंच फोडा.

दाबाच्या हवेचा कॉम्प्रेसर वापरू नका. पंक्चरवाल्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि पट्ट्यांच्या नाजूक स्प्रिंगा त्या झोतात वाकतात.

तपासा: कोणतीही वायर सोडवण्याआधी तिचा फोटो आणि कागदावर आकृती. टर्मिनलचा आकडा, वायरीचा रंग. जुने रंग उडालेले असतात, म्हणून प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी बांधा. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेले फोन डब्यात पडून राहतात.

हुकाच्या आणि तबकडीच्या संपर्क-पट्ट्या साफ करायला सँडपेपर, कानस, ब्लेड काहीही नको. त्यावरचा चांगल्या धातूचा थर फार पातळ असतो. लग्नपत्रिकेच्या कागदाची पट्टी आयपीएत भिजवा, दोन टोकांमध्ये घाला, हलकेच दाबून ओढा. काळा डाग आला की नवी पट्टी. दोन-तीनदा पुरे.

## ६. खोकं

आता कुठे पाणी. खोकं सुटं, आत काहीही नाही, चोंग्यातले दोन्ही कॅप्सूल (ऐकण्याची आणि बोलण्याची डबी) काढलेले, अशी खात्री करा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं. भिजत ठेवायचं नाही. बेकलाइटमध्ये लाकडाचा भुसा भरलेला असतो. वरचा चकाकता थर झिजलेला असेल तर तो भुसा पाणी पितो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. लगेच पुसा, सावलीत एक दिवस वाळवा. उन्हात नाही, बेकलाइट उन्हानं तपकिरी आणि निस्तेज होतो.

चमक आणायला गाडीची बारीक पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन गोल फिरवा, मग मेणाचा पातळ हात. एवढंच. इथे आपल्या भागातली एक खास चूक सांगायलाच हवी: जवसाचं तेल. पहिल्या दिवशी फोन आरशासारखा दिसतो, म्हणून लोक लावतात. पण जवसाचं तेल हवेत वाळून वार्निश होतं. महिनाभरात चिकट पापुद्रा बसतो, त्यात धूळ रुतते आणि तो काढायला मूळ चमक खरवडावी लागते.

तडा असेल तर अराल्डाइटमध्ये दिव्याची काजळी मिसळून भरा आणि २४ तास दाबून ठेवा. काजळी चिमूटभर, जास्त झाली तर जोड कच्चा राहतो.

पांढरे, हस्तिदंती प्लास्टिकचे फोन पिवळे पडलेले असतील तर मेडिकलमधलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दीड तास, असं चार-पाच दिवस. हातमोजे घाला. दुपारच्या उन्हात ठेवलं तर पट्टे पडतात. ३३२ च्या जातीचे जुने लाल, हिरवे, हस्तिदंती फोन मात्र अॅक्रिलिकचे असतात. त्यांना आयपीए किंवा थिनर लागला की जाळीसारख्या भेगा पडतात, म्हणून त्यांना फक्त साबणाचं पाणी.

तबकडीचं बोटं घालायचं चाक पितळेचं दिसलं तरी त्यावर निकेलचा मुलामा असू शकतो. चिंच आणि पितळेची पावडर तो मुलामा खाते आणि खालचं पिवळं उघडं पडतं. साबण आणि फडकं पुरे.

## ७. तबकडी

हा फोनचा जीव, आणि सगळ्यात जास्त खेळ इथेच होतो. आधी तिला मोजा, मगच तिला हात लावा.

वेगाचं माप: सेकंदाला १० ठोके. ९ ते ११ चालतात. प्रत्येक ठोक्यात वाट दोन तृतीयांश वेळ तुटलेली आणि एक तृतीयांश जोडलेली असते. हे घरी मोजायची सोपी रीत अशी. तबकडीच्या ठोक्यांच्या दोन पट्ट्यांच्या वायरी सोडवा. दोन पेन्सिल सेल (३ व्होल्ट), १०० ओहम आणि एलईडी यांची माळ करून त्या पट्ट्यांत जोडा. तबकडी शांत असताना दिवा लागलेला असेल. आता मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, दिवा दिसेल असं चित्रण करा आणि ० फिरवा.

चित्रण फ्रेमगणिक पुढे सरकवा. एका ठोक्याला २४ फ्रेम लागल्या पाहिजेत: १६ दिवा बंद, ८ चालू. २७ पेक्षा जास्त फ्रेम लागत असतील तर तबकडी मंद आहे, २२ पेक्षा कमी असतील तर घाईची. दहा ठोके मोजून सरासरी काढा, एका ठोक्यावर जाऊ नका.

मंद तबकडीचं कारण दहापैकी नऊ वेळा घट्ट झालेलं जुनं तेल. तिथे लोक नवं तेल ओततात, आणि तेही खोबरेल. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. विदर्भातल्या डिसेंबरच्या सकाळी ती तबकडी अर्ध्यावर थांबते आणि दुपारी सुरळीत चालते. मालकाला वाटतं फोनला भूत लागलं.

रीत अशी:

१. ब्रशचं टोक आयपीएत बुडवून दातेरी चाकं आणि त्यांचे आस पुसा. तबकडी पूर्ण बुडवू नका, आकड्यांच्या पत्र्यावरची शाई आणि इनॅमल जपा.

२. तासभर वाळू द्या. वीस वेळा ० फिरवा.

३. सुईच्या टोकावर शिलाई मशीनचं तेल घ्या, थेंब नव्हे, टोकाला चिकटेल तेवढं. प्रत्येक आसाच्या टोकाला एकदा.

४. गव्हर्नरच्या पितळी वाटीच्या आत तेल जाऊ देऊ नका. वजनांची टोकं त्या वाटीला घासूनच वेग आवरला जातो. तिथे तेल लागलं की तबकडी सुसाट सुटते आणि एक्स्चेंज ठोके मोजू शकत नाही. चुकून लागलंच तर आयपीएच्या कापसानं पुसून काढा.

५. पुन्हा चित्रण, पुन्हा मोजणी.

मुख्य स्प्रिंगची गुंडाळी उघडण्याचं धाडस करू नका. ती सुटली तर बोट कापते आणि पुन्हा किती वळसे द्यायचे ते कळत नाही. वेग साफसफाईनं आलाच नाही, तर गव्हर्नरच्या वजनांच्या पट्ट्या केसभर बाहेर वाकवल्या की वेग कमी होतो, आत वाकवल्या की वाढतो. दोन्ही सारख्याच वाकवा. एकदा वाकवा, एकदा मोजा.

## ८. चोंगा आणि वायर

ऐकण्याच्या कॅप्सूलच्या दोन टोकांना मल्टिमीटर ओहमवर लावा. ‘टक्’ आवाज आला तर तो ठीक. आवाज नसेल तर आतली तार तुटली.

बोलण्याच्या कॅप्सूलमध्ये कार्बनची भुकटी असते. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत पडल्यानं ती दबते आणि समोरच्याला आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा जातो. कॅप्सूल काढून हाताच्या तळव्यावर सपाट धरा, कडेवर बोटानं पाच-सहा टिचक्या मारा, फिरवून पुन्हा मारा. टेबलावर आपटू नका, पडदा फाटतो. ओलावा असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. तव्यावर किंवा ओव्हनमध्ये गरम करायचा विचार मनात आणू नका. कॅप्सूल गेलाच असेल तर त्याच आकाराचा जुना शोधा. इलेक्ट्रॉनिक माइक बसवायचाच असेल तर जुना कॅप्सूल चिठ्ठी लावून खोक्यातच ठेवा.

सुती विणीची वायर उंदरांनी कुरतडलेली असते. तिच्यात साधी तांब्याची तार नसते. दोऱ्याभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची फीत असते. ती सोल्डरच्या उष्णतेनं जळते, म्हणून टोकावरचा मूळ चिमटा जपा. तुटली असेल तर सोलून, नवा चिमटा दाबून बसवा. वायर हलवली की मीटर नाचत असेल तर ती आतून तुटली आहे. टेप गुंडाळून ती बरी होत नाही.

## ९. घंटी

टोलाचा हातोडा दोन्ही वाट्यांच्या मधोमध, प्रत्येकीपासून साधारण १ एमएम अंतरावर यावा. वाटीचं भोक मुद्दाम मधोमध नसतं, म्हणून वाटी थोडी फिरवली की अंतर बदलतं. पेच ढिला, वाटी फिरवा, पेच घट्ट. हातोडा वाकवायची गरज पडत नाही. गंज असेल तर रॉकेलचं फडकं आणि सर्वात बारीक स्टीलवूल. तो कीस कॉइल आणि चुंबकापासून दूर ठेवा, एक तुकडा चुंबकाला चिकटला की घंटी अडते. ही सफाई वाटी काढून, दुसऱ्या खोलीत करा.

कॉइल मोजा. ३३२ जातीत दोन मिळून सुमारे १००० ओहम, ७०६ च्या वर्गात सुमारे ४००० पर्यंत. कंडेन्सर १ ते २ मायक्रोफॅरडच्या आसपास. छापलेल्या आकड्यापेक्षा फार कमी किंवा गळका निघाला तर जुना जागेवरच राहू द्या, एक टोक सोडवा आणि आत २५० व्होल्टचा नवा फिल्म कंडेन्सर लपवून जोडा.

इशारा: घंटी वाजवून बघायला घरातला २३० व्होल्ट लावू नका. ‘बल्ब सीरीजमध्ये लावून चालतो’ हा सल्ला फिरतो, तो जीवघेणा आहे. कॉइलची जुनी कागदी, सुती इन्सुलेशन त्याला टिकत नाही आणि तळाच्या पत्र्यात करंट उतरतो. मॅग्नेटोच्या हँडलवरूनही जोरदार झटका बसतो, फिरवताना उघड्या टर्मिनलना हात नको.

## १०. टेबलावरचा प्रवाह

फोन जोडून झाला. पेच फक्त बोटांच्या जोरानं आवळा, बेकलाइटचे खांब जास्त आवळल्यानंच फुटतात. चौथ्या पायरीची तिन्ही मापं पुन्हा घ्या आणि वहीतल्या आकड्यांशी जुळवा.

मग फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. धन टोकाशी २५० मिलीअँपिअरचा फ्यूज, पुढे १५० ओहमचा रेझिस्टर, पुढे फोन, परत बॅटरी. चोंगा उचलून तोंडात फुंका, कानात स्वतःचीच फुंकर ऐकू आली पाहिजे. तबकडी फिरवताना कान गप्प झाला तर घाबरू नका. ठोक्यांचा खडखडाट कानात येऊ नये म्हणून आतल्या पट्ट्या त्या वेळी ऐकण्याची वाट मुद्दाम बंद करतात. तबकडी परत आल्यावरही गप्प राहिला तर त्या पट्ट्या चिकटल्या आहेत.

असे दोन फोन, दोन बॅटऱ्या (२४ व्होल्ट) आणि २२० ओहम १ वॅट एका माळेत जोडले की घर आणि गोठा यांच्यात बोलता येतं. घंटी मात्र यावर वाजणार नाही, तिला एसी लागतो. तार वावरातून उघडी न्यायची असेल तर मे-जूनच्या विजांच्या दिवसांत दोन्ही टोकं सोडवून ठेवा.

## ११. लाइन

लाइनवर सुमारे ५० व्होल्ट डीसी असतो आणि घंटी येते तेव्हा ७५ व्होल्ट एसी. झटका बसतो. जोडताना कोणाला फोन लावू देऊ नका.

तांब्याची लाइन अजून चालू असेल आणि एक्स्चेंज ठोके ओळखत असेल तर दोन वायरी जोडल्या की झालं. नंबर फिरवताना घंटी ‘टिण टिण’ करत असेल तर दोन्ही वायरींची अदलाबदल करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबते.

आता गावोगावी फायबर आलं आहे. फायबरच्या डब्याच्या फोन पोर्टला जोडलं की टोन ऐकू येतो, आलेला फोन घेता येतो, पण फिरवलेला नंबर लागत नाही. तबकडीत दोष नाही. तो पोर्ट बटणांचे सूर ओळखतो, ठोके नाही. ठोक्यांचे (पल्सचे) सूर (टोन) करणारा छोटा कन्व्हर्टर मधे घाला, किंवा पल्स डायलिंग चालणारा एटीए (साधा फोन इंटरनेटला जोडणारा डबा) घ्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. जुनी १००० ओहमची घंटी या पोर्टला जड जाते. ती अर्धवट वाजते किंवा पहिल्याच टोल्याला फोन उचलल्यासारखा होतो. त्या पोर्टवर दुसरा कोणताही फोन ठेवू नका. तरीही तेच होत असेल तर घंटीची एक वायर सोडवून ठेवा आणि फोन फक्त बोलायला वापरा.

वादळी हवेत वायर काढून ठेवा. पावसाळ्यापुरता फोन कपाटात ठेवायचा असेल तर सोबत सिलिका जेल, आणि डांबरगोळ्या अजिबात नको, त्यांच्या वाफेनं प्लास्टिक मऊ पडतं. चोंगा हुकावर नको, शेजारी ठेवा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा दबून राहत नाहीत. महिन्यातून एकदा ० दहा वेळा फिरवा.